तेलचोरीची तक्रार वापस घेण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब,
पोलीस अधीक्षक कार्यालय,
पांढुर्णा, जिल्हा पांढुर्णा (म.प्र.)

अर्जदार : देवकाबाई नत्थूजी कळंबे, वय ७१, धंदा शेती (संत्रा व कापूस), मु. आंबेखापा, तह. सौंसर, जि. पांढुर्णा.

विषय : आमचा ड्रायव्हर गौतम तुळशीरामजी डोंगरे याच्यावर इंजिनाचं तेल चोरल्याचा आळ मीच घेतला होता, तो मीच वापस घेत आहे, तो घेऊ द्यावा आणि त्याचं चरित्र प्रमाणपत्र २८ तारखेच्या आत सोडावं, याबाबत.

संदर्भ : १) माझीच दरखास्त, दि. २७ ऑक्टोबर २०२५ (हिंदीत, दुसऱ्याच्या हातची).
२) माझ्या पोलीस थान्याच्या चार फेऱ्या, दि. ६, १०, १४ व १९ नोव्हेंबर, ज्यांची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही.

महोदय,

वरील विषयाला धरून मी खाली सही करणारी बाई लिहून देते की,

१. हा अर्ज मराठीत आहे आणि माझ्या हातचा आहे. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, पुढे घरच्यांनी लग्न करून दिलं. आपल्या कार्यालयात हिंदी चालते हे मला माहीत आहे. वाचणारा कोणी नसेल तर मला बोलावून घ्यावं, मी येऊन वाचून दाखवीन. पण दुसऱ्याच्या हातून आता काही लिहून घेणार नाही. मागच्या वेळेस घेतलं, त्याचं काय झालं ते मुद्दा ६ मध्ये आहे. माझी सून अमिता शिकलेली आहे. ती म्हणाली, मी लिहून देते, "गैरसमजातून तक्रार झाली" असं एका ओळीत बसवते. मी नाही म्हटलं. गैरसमज म्हणजे कोणाच्याच दारात न ठेवलेली चूक. ही चूक माझ्या दारातली आहे. अर्ज लांबला आहे, माफी असावी. थान्यात मला चारदा सांगितलं की कारण सविस्तर लिहा. हे सविस्तर आहे.

२. गौतम डोंगरे आमच्याच गावचा. आम्ही सन २०१८ च्या दसऱ्याला चारचाकी घेतली, तेव्हापासून म्हणजे सात वर्षं त्यानं ती चालवली. माझा मुलगा वैभव बागेच्या आणि मंडीच्या कामात असतो, म्हणून गाडी गौतमच्या हातात आणि गौतम माझ्या हुकमात. जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला, सौंसरच्या दवाखान्यात, रामाकोन्याला माझी मुलगी छाया दिली आहे तिच्याकडे, सगळीकडे त्यानंच नेलं. बैलगाडीच्या मागं त्यानं कधी हॉर्न वाजवला नाही. सात वर्षांत तो माझ्याशी एकदाही उलट बोलला नाही. हा मी त्याचा गुण समजत होती. आता वाटते, दोनचार वेळा बोलला असता तर आज आपला एवढा कागद खराब झाला नसता.

३. आता तेलाबद्दल. माझे यजमान नत्थूजी यांच्या काळात आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते अठ्ठावीस वर्षं चाललं. आसपासच्या चार गावांत इतकं चाललेलं दुसरं इंजिन नव्हतं, आणि त्याचं कारण आमच्या घरी एकच सांगत असत, की नत्थूजी त्याला तेलाला कमी पडू देत नाहीत. त्यांचा नेम होता. शनिवारी आंघोळ करून आधी मारुतीला तेल, मग विहिरीवर जाऊन इंजिनाला पाव लिटर तेल. पत्र्याचं एक माप होतं, त्या मापानं. त्यांना गुडघ्यानं चालवेनासं झालं तेव्हा तो नेम माझ्याकडे आला. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. विहिरीवर बिजलीची मोटर आली, इंजिन भंगारात गेलं, माप खुंटीला राहिलं.

मग दारात गाडी आली. तिच्यातही इंजिन आहे असं मला सांगण्यात आलं. मी माप खुंटीवरून काढलं.

इथं एक गोष्ट साफ करते, कारण थान्यात यावर हसले. मी गाडीत तिळाचं तेल घातलेलं नाही. मी कमी शिकलेली आहे, येडी नाही. मारुतीचं तेल वेगळं आणि इंजिनाचं वेगळं. सौंसरच्या दुकानातून पाच लिटरचा सीलबंद कॅन आणला होता. वैभवनं गाडी घेतली तेव्हा झाकण कुठलं, काय कुठं घालतात, ते मी उभी राहून पाहून घेतलं होतं. शनिवारी गौतमला सुट्टी असे. तो आठवड्यातून एक दिवस मागत होता आणि शनिवार मीच ठरवला, कारण माझ्या हातच्या कामात कोणी मधे मधे केलेलं मला चालत नाही. तर दर शनिवारी सकाळी, गाडी अंगणात थंड उभी असताना, मी तिला पाव लिटर तेल घालत होती. सात वर्षं. एक शनिवार चुकला नाही. सुतकातसुद्धा मारुतीचा चुकला, गाडीचा नाही.

४. या सात वर्षांत मी तेलाचा कॅन एकच आणला. हे वाक्य साहेबांनी कृपया दोनदा वाचावं. मी ते सात वर्षं जगली आणि एकदाही वाचलं नाही.

कॅन गोठ्याच्या फळीवर ठेवलेला असे. कधी उचलला तरी भरलेलाच लागे. मला त्यात काही नवल वाटलं नाही. मी समजत होती की मारुतीची कृपा आहे. माझ्या बहिणींना, छायाच्या सासूला, संत्रा तोडायला येणाऱ्या बायांना मी अभिमानानं सांगितलं आहे की माझ्या हाताला बरकत आहे, तेल घालते पण तेल सरत नाही. तेल पहिल्यापेक्षा काळं झालं होतं हे मी पाहिलं होतं. विहिरीवरच्या इंजिनाचं तेलही काळंच असायचं, म्हणून मी समजली की तेल आता मुरलं.

५. दि. ६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. बागेत आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चालू होती, अंगणात वीसेक मजूर जेवायला बसले होते. मी गोठ्याकडून येताना पाहिलं की गौतमनं गाडीचं इंजिनावरचं टप उघडलं आहे, इंजिनात सलाईनची नळी घातली आहे, आणि ढोरांच्या डॉक्टरकडे असते तशा मोठ्या पिचकारीनं तो तेल ओढून राहिला आहे.

मी विचारलं, काय करून राहिला रे गौतम? तो म्हणाला, काही नाही माय, तेल पाहून राहिलो. मी म्हटलं, तेल डोळ्यानं पाहतात का पिचकारीनं? मजूर हसले. लोक हसले की माझं तोंड थांबत नाही, हा माझा जुना रोग आहे. मी म्हटलं, मी शनिवारी घालते अन् तू सोमवारी काढतं, बाप्पा, तुझ्या घरी कोणतं इंजिन चालते? म्हटलं, सात वर्षं माझ्या घरची भाकर खाल्ली, आता तेलही पचवतं का? अजूनही बोलली. ते लिहीत नाही. वीस लोकांनी ऐकलं आहे, साहेबांना हवं तर त्यांना विचारावं, मी नाकारणार नाही.

गौतमनं पिचकारी दोन्ही हातांनी ओट्यावर ठेवली, तिच्यात तेल तसंच होतं. गाडीची चाबी तिच्या बाजूला ठेवली. म्हणाला, "जातो माय. पट्टी तेवढी पाहत जा."

पट्टी म्हणजे इंजिनातलं तेल कुठवर आहे ते पाहायची लोखंडी पट्टी. तिच्यावर दोन खुणा असतात, तेल त्या दोन खुणांच्या मधात पाहिजे. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, चोर तो चोर अन् वरून मला शिकवून राहिला.

६. तो गेल्यावर चोरानं काढलेलं तेल भरून काढायला पाहिजे असं माझ्या मनानं घेतलं. दि. ११ ऑक्टोबरच्या शनिवारी मी पावाच्या ऐवजी चार मापं, म्हणजे लिटरभर तेल घातलं. १८ ला अर्धा लिटर, २५ ला अर्धा लिटर. गाडीचा आवाज जड झाला होता, तो मला दमदार वाटला.

दि. २६ ऑक्टोबर, रविवारी, छायाच्या नातवाचं बारसं होतं. वैभव गाडी चालवत होता, मी पुढं, अमिता मागं पाळण्यावर बांधायची खेळणी आणि लाडवाचा डबा धरून. सौंसर सोडून रामाकोन्याच्या रस्त्याला लागलो आणि मागून निळा धूर निघाला. असा धूर मी चुलीतून काढला असता तर सासूनं मला घराबाहेर काढलं असतं. मागचे मोटरसायकलवाले तोंडाला रुमाल लावून पुढं निघून हात दाखवू लागले. मग एक ठकठक, मग मोठा आवाज, मग काहीच नाही. रस्त्याच्या कडेला दोन तास उन्हात बसली. ज्या पणतवाला माझ्या मांडीवर घेऊन नाव ठेवायचं होतं, त्याचं नाव दुसऱ्या मांडीवर ठेवलं गेलं. तिथं बसल्या बसल्या मी ठरवलं की हे गौतमनंच केलं. त्यानं जाता जाता गाडीत काहीतरी करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैभवला न सांगता सौंसरला गेली. कचेरीच्या समोर अर्ज लिहून देणारे टेबल टाकून बसतात त्यांच्यातल्या एकाला मी बोलली, त्यानं लिहिलं, मी सही केली. मी बोलली होती, एक दिवस पिचकारीनं तेल काढताना पकडला. त्यानं हिंदीत लिहिलं, वर्षों से, आदतन. मी बोलली होती, गाडी बिघडवली असं मला वाटते. त्यानं लिहिलं, जान से मारने की नीयत से. मला वाचून दाखवलं तेव्हा ते ऐकायला फार चांगलं वाटलं. वजनदार वाटलं. त्यात माझा दोष पूर्ण आहे, त्या लिहिणाऱ्याचा अर्धा.

७. गाडी आमच्या ओळखीच्या मुकुंद मेकॅनिकच्या आवारात ओढून नेली. त्यानं इंजिन खोललं आणि दि. ३ नोव्हेंबरला मला व वैभवला बोलावलं. पातेलं भरून तेल काढून ठेवलं होतं. म्हणाला, काकू, या इंजिनात जेवढं मावायला पाहिजे त्याच्यापेक्षा पावणेदोन लिटर जास्त निघालं. मी म्हटलं, मग चांगलंच आहे. त्यानं पातेलं बाजूला सारलं.

मग त्यानं मला जे समजावलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण यावरच सगळं आहे. म्हणाला, "काकू, तुम्ही ताक करता न? गंजभर दही काठापर्यंत भरलं अन् रवी फिरवली तर काय होते?" मी म्हटलं, फेस येते अन् सांडते. म्हणाला, "तेच झालं. इंजिनाच्या खाली तेलाचं ताट राहते अन् त्याच्या वर एक दांडा फिरते. दांडा तेलाच्या वर फिरला पाहिजे. तुमचं तेल इतकं झालं का दांडा तेलात बुडाला अन् रवीसारखा फिरला. तेलाचा झाला फेस. फेस पंपाले ओढता येत नाही. म्हणजे वर जिथं तेल पाहिजे होतं तिथं कोरडं. घासून घासून बेअरिंग गेलं." वरून दाब वाढला, सील फाटले, तेल नको तिथं शिरून जळलं, त्याचा तो निळा धूर. प्लग काळे झाले, धुराच्या नळीतली जाळी चोंदली. तेलात बुडालेलं इंजिन तेलावाचून गेलं.

मी त्याला विहिरीवरचं इंजिन सांगितलं. अठ्ठावीस वर्षं सांगितली. तो म्हणाला, "काकू, ते इंजिन गळकं होतं. तुम्ही घालत होता तेवढं ते सांडत होतं. हे सांडत नाही, ठेवून घेते." नत्थूजींच्या इंजिनाबद्दल असं आजवर कोणी माझ्यासमोर बोललं नव्हतं. पण त्या इंजिनाच्या खाली नेहमी काळी माती असायची, तिथं गवत उगवत नव्हतं, ते मला आठवलं.

८. मुकुंदनं मग सहज विचारलं, पण काकू, सात वर्षांपासून दर हप्त्याला पाव लिटर घालता तर गाडी सात वर्षं चालली कशी? ही तर तीन महिन्यांत बसायला पाहिजे होती. अन् इतक्या तेलाले कितीक कॅन लागले? मी म्हटलं, एक. तो हसला. वैभव हसला. मग वैभवचं हसणं थांबलं, आणि त्यानंतर माझं डोकं चालू झालं.

साहेब, कॅन दर हप्त्याला कोण भरत होतं ते मी आपल्याला वेगळं सांगायला पाहिजे असं नाही. मी शनिवारी घालत होती, तो सोमवारी तेवढंच काढून गोठ्यातल्या कॅनात वापस ठेवत होता. तेच पावभर तेल सात वर्षं माझ्या मापातून गाडीत आणि त्याच्या पिचकारीतून कॅनात फिरलं. ज्या हप्त्यात गौतम गेला त्याच हप्त्यापासून कॅन उणा होऊ लागला, आणि तिसऱ्या शनिवारी अर्ध्याच्या जवळ आला. तेव्हाही मी म्हटलं होतं, चोराची नजर लागली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी गौतमच्या घरी गेली. सात वर्षांत पहिल्यांदा. तो घरी नव्हता, लोधीखेड्याला कोणाचा ट्रॅक्टर चालवायला गेला होता. त्याची बायको यमुना हिनं पाणी दिलं. मी तिला विचारलं, तो मला बोलला का नाही? एकदा सांगितलं असतं तर? ती म्हणाली, "ते म्हणत, म्हातारी त्या दिवशी न्हाऊन माप घेऊन येते, तिचा शनिवार मोडवत नाही. पाव लिटर काढायला काय लागते." मग म्हणाली, "अन् माय, तुम्ही ऐकलं असतं का?" मी पेला खाली ठेवला आणि उठली.

मी निघालीच होती तर गौतम आला. दारात उभा राहिला. पहिली गोष्ट त्यानं विचारली ती अशी, "गाडी खोलली का माय? बेअरिंग वाचलं का?" मी म्हटलं, नाही वाचलं. तो चुकचुकला, जसं कोणाचं ढोर गेल्यावर करतात. मी जे म्हणायला गेली होती ते माझ्या तोंडून निघालं नाही. माझं तोंड इतक्या वर्षांत एकाच बाजूला चाललं आहे, दुसऱ्या बाजूला वळत नाही. म्हणून कागदावर लिहून राहिली आहे.

९. यमुनाकडूनच मला कळलं की पांढुर्ण्याच्या एका शाळेत बस चालवायला गौतमची निवड झाली आहे. लेकरांची बस आहे म्हणून पोलिसाचं चरित्र प्रमाणपत्र लागते. ते २८ नोव्हेंबरपर्यंत जमा झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. प्रमाणपत्र माझ्या दरखास्तीमुळे अडून आहे. बस म्हणजे त्याच्या पोटाचं पुढच्या वीस वर्षांचं. त्यावर माझी एक सही बसली आहे.

म्हणून दि. ६ नोव्हेंबरला थान्यात गेली. थान्याचं नाव लिहीत नाही, तिथं लिखापढी करणाऱ्या मुंशीचंही नाही. तो मनुष्य वाईट नाही, थकलेला आहे, माझ्यासारखा. म्हणाला, बाई, दरखास्त देणं सोपं आहे, नेणं कठीण आहे. मी म्हटलं, मीच दिली, मीच नेते. म्हणाला, आता ती तुमची राहिली नाही, शासनाची झाली. मेकॅनिकचं लिहून आणा.

दि. १० ला मुकुंदचं लिहून नेलं. म्हणाला, दरखास्तीत वीस गवाह आहेत, त्यांनी चोरी पाहिली असं लिहिलं आहे, तर त्या विसांनी येऊन सांगावं की पाहिली नाही. संत्र्याची तोड संपली, मजूर आपापल्या गावी गेले. तिघं मोहगावकडे आहेत असं कळलं, तर मी बसनं तिथं गेली. ते म्हणाले, आम्ही चोरी पाहिली नाही बाई, आम्ही तुम्हाला बोलताना पाहिलं. हे लिहून द्या म्हटलं तर अंगठे दिले.

दि. १४ ला ते नेलं. म्हणाला, मुद्देमाल आणा. मी विचारलं, कोणता? म्हणाला, चोरीचं तेल. मी म्हटलं, चोरी झालीच नाही, तर चोरीचं तेल कुठून आणू? म्हणाला, चोरी झाली नाही हे दाखवायला तेल तर लागेल. मी यावर तीन दिवस विचार केला. त्याचंही खरं आहे असं मला वाटू लागलं, तेव्हा मी समजली की मीही आता थकली आहे.

दि. १९ ला मी पिचकारी घेऊन गेली. त्या सोमवारी गौतमनं ओट्यावर ठेवली ती मी पुरावा म्हणून टोपी लावून कपाटात ठेवली होती, तेलासकट. मुंशीनं ती हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, आरोपीची नाहरकत आहे का? म्हणजे गौतमनं लिहून द्यायचं की तो चोर नाही याला त्याची काही हरकत नाही.

तोही कागद मी नेला. यमुनानं वाचला आणि म्हणाली, माय, हे चोर नाहीत याला यांची हरकत नाही, असं लिहून मागतात का? मी म्हटलं, मागतात. ती हसली. मग गौतम हसला. मग मला हसू आलं, आणि यमुनानं चहा ठेवला. गौतमनं सही केली. मी चहा प्यायली. हेही त्या घरी पहिल्यांदाच.

वैभवचं म्हणणं आहे की आई, आता सोड, गौतम काही आपल्यावर उलटणार नाही. मला माहीत आहे तो उलटणार नाही. म्हणूनच मला आपल्यापर्यंत यावं लागलं. उलटणारा असता तर त्यानं आपला रस्ता आपण काढला असता.

१०. सबब विनंती की,

(अ) दि. २७ ऑक्टोबरची माझी दरखास्त खोटी आहे असं लिहून घ्यावं. "गैरसमज" असं लिहू नये.

(आ) गौतम डोंगरे याचं चरित्र प्रमाणपत्र २८ तारखेच्या आत द्यावं. त्यात "आदतन" हा शब्द राहिलाच पाहिजे असं नियमात असेल तर तो ठेवावा आणि पुढं लिहावं की सात वर्षं आदतन मालकिणीची चूक निस्तरत होता.

(इ) दरखास्त बंद करायला रजिस्टरात कोणाचं तरी नाव लागतच असेल तर माझं टाकावं. वय ७१ आहे, पळून जाणार नाही. गाडीही नाही.

(ई) मी गौतमला कामावर वापस मागत नाही. त्याला तिकडे चांगलं आहे. लेकरं घेऊन जायला त्याच्याहून सावकाश ड्रायव्हर आपल्या जिल्ह्यात मिळायचा नाही.

(उ) आपल्या कार्यालयाच्या गाडीचं तेल कोणी प्रेमानं जास्त घालत असेल तर पट्टी पाहून घ्यावी. हे विषयाला सोडून आहे, पण मला आता माहीत आहे म्हणून सांगितलं.

आज शनिवार आहे. मारुतीला तेल घालून आली आणि लिहायला बसली. मधे गोठ्यापर्यंत पाय गेले होते सवयीनं. वापस आली.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःविरुद्ध लिहिला आहे. खरा आहे.

आपली, या एका बाबतीत खरोखर नम्र,

देवकाबाई नत्थूजी कळंबे
(सही स्वतःची, अंगठा नाही)
मु. आंबेखापा, तह. सौंसर
दि. २२ नोव्हेंबर २०२५

सोबत जोडले आहे :

१. मुकुंद मेकॅनिकचं लिहून दिलेलं, एक पान. इंजिनाचं चित्र त्यानंच काढलं आहे, दांडा कुठं बुडाला ते लाल पेनानं दाखवलं आहे.

२. तीन मजुरांचे अंगठे, "चोरी पाहिली नाही, बाईला बोलताना पाहिलं" या मजकुरासह.

३. गौतम डोंगरे याची, तो चोर नसण्याबद्दलची नाहरकत.

४. पिचकारी व सलाईनची नळी, एक नग, आत पाव लिटर तेल. उभी धरावी, सांडते. काम झाल्यावर गौतमला द्यावी, त्याची आहे.

५. पत्र्याचं माप, पाव लिटरचं, एक नग, जुनं. मुंशीनं मुद्देमाल मागितला होता. चोरी झाली नाही, पण जे झालं ते या मापानं झालं, म्हणून हेच जमा करते. माझ्या यजमानांचं आहे. वापस पाठवू नये.

प्रतिलिपी : श्री. गौतम तुळशीरामजी डोंगरे, मु. आंबेखापा, यांना माहितीसाठी. डाकेनं न पाठवता मी स्वतः नेऊन देणार आहे, गाडी बंद असल्यामुळे पायी.